घूं करतो, पण फिरत नाही

जुलैचा दुसरा रविवार. चार दिवस पावसाने उसंत दिली नव्हती. पडवीत बांधलेल्या तीन दोऱ्यांवर शुक्रवारी धुतलेले कपडे अजून ओलेच होते आणि त्यांना तो कुबट वास यायला लागला होता. कोकणात राहणाऱ्या बाईला त्या वासाबद्दल वेगळं सांगायला नको. सोमवारी दोन्ही मुलांना शाळेचे पांढरे शर्ट हवे होते, मला माझ्या शाळेत जायचं होतं, आणि अम्मांचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, सुती कपडे तर रोजचेच. सकाळी सगळं मशीनमध्ये टाकलं. धुण्याची बाजू नेहमीसारखी चालली. कपडे ड्रायरमध्ये भरले, झाकण लावलं, टायमर फिरवला. टिकटिक सुरू झाली, खालून "घूं..." असा आवाज आला, आणि टब जागचा हलला नाही.

आपण ड्रायर कशाला म्हणतो ते आधी सांगते, कारण नावाने घोळ होतो. आपल्या बऱ्याच घरांत सेमी-ऑटोमॅटिक मशीन असतं. एका बाजूला धुण्याची मोठी टाकी, दुसऱ्या बाजूला भोकाभोकांचा लहान टब. या लहान टबाला आपण ड्रायर म्हणतो. तो कपडे तापवत नाही, पूर्ण वाळवतही नाही. मिनिटाला तेराशे-चौदाशे फेरे मारून तो पाणी झटकून टाकतो, एवढंच. पण पावसाळ्यात हे एवढंच फार मोठं असतं. ड्रायरमधून काढलेला शर्ट पंख्याखाली रात्रभरात वाळतो, हाताने पिळलेला तिसऱ्या दिवशीही दमटच लागतो.

अम्मा म्हणाल्या, "मिस्त्रीला फोन लाव. बाईमाणसानं विजेच्या वस्तूत हात घालू नये." मी फोन लावला. मिस्त्री म्हणाला, "गुरुवारी येतो, मॅडम. पावसात सगळ्यांचीच मशीन बंद आहेत." गुरुवारपर्यंत पांढरे शर्ट थांबणार नव्हते. आणि खरं सांगायचं तर मशीन आंधळेपणाने मिस्त्रीच्या ताब्यात देऊन आपण स्वयंपाकघरात चहा टाकायला जायचं, ही सवय मी दोन वर्षांपूर्वीच सोडली आहे. त्याचं कारण सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

तेव्हा मे महिन्यात ड्रायर असाच बंद पडला होता. फरक इतकाच, की तेव्हा आवाजही येत नव्हता. तालुक्याच्या गावाहून एक मिस्त्री आला. अर्ध्या तासात ड्रायर गरगर फिरायला लागला. काय झालं होतं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "झाकणाचा स्विच गेला होता, डायरेक्ट करून दिलाय. ब्रेकची वायर पण गंजली होती, काढून टाकली. आता कटकट नाही." तीनशे रुपये घेतले. मला तर तो देवदूतच वाटला. शेजारच्या दोन घरी मीच त्याचा नंबर दिला.

"डायरेक्ट" म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. ड्रायरच्या झाकणाखाली एक लहानसा स्विच असतो. झाकण नीट बसलं तरच तो दाबला जातो आणि मोटरला वीज मिळते. झाकण उचललं की वीज तुटते. त्याच झाकणाला आतून एक बारीक तारही जोडलेली असते. झाकण बंद असताना ती ब्रेकला ओढून धरते, झाकण उघडलं की सोडते, आणि ब्रेक टबाच्या खालच्या चाकाला घट्ट पकडतो. म्हणजे झाकण उघडणाऱ्याचा हात आत पोचेपर्यंत टब थांबलेला असावा, अशी ती दुहेरी व्यवस्था. मिस्त्रीने स्विचच्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन जोडल्या होत्या आणि ब्रेक बाजूला बांधून ठेवला होता. आता झाकण उघडं असो वा बंद, टायमर संपेपर्यंत टब फिरतच राहणार होता.

बकरी ईदला दीर आणि जाऊबाई मुंबईहून आले होते. त्यांचा मुलगा सात वर्षांचा. ईदच्या दुसऱ्या दिवशी त्याचा नवा कुर्ता धुऊन ड्रायरमध्ये टाकला होता. त्याला तो लगेच हवा होता. मी परसात होते. त्याने झाकण उचललं आणि हात घातला. कुर्त्याची बाही त्याच्या मनगटाला गुंडाळली गेली. "चाची!" अशी जी किंकाळी मी ऐकली ती आजही कानात आहे. धावत येऊन मी बोर्डावरचं बटण बंद केलं, पण ब्रेक नसल्यामुळे टब थांबायला वेळ लागला. अल्लाहची मेहरबानी, हाड मोडलं नव्हतं. मनगट सुजून काळंनिळं झालं आणि आठ दिवस हात गळ्यात राहिला. जाऊबाई मला एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग दुसऱ्या मिस्त्रीकडून नवा स्विच आणि नवी ब्रेकची वायर बसवून घेतली. सातशे रुपये लागले. तो काम करत असताना मी स्टूल घेऊन शेजारी बसले आणि शाळेत मुलं विचारतात तसं एकेक विचारत गेले. तो कंटाळला नाही, उलट खूश झाला. आज जे लिहिते आहे त्यातलं निम्मं त्याच्याकडून शिकले, उरलेलं आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या सरांकडून.

तर आता त्या रविवारकडे.

पहिली चूक माझीच. "घूं" ऐकूनही मी तीनदा टायमर फिरवला, की कदाचित आता फिरेल. तिसऱ्या वेळी रबर जळाल्यासारखा हलका वास आला. अडलेली मोटर फिरणाऱ्या मोटरपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते आणि ती सगळी वीज उष्णतेत जाते. पाच-सात सेकंदांत टब हलला नाही तर बंद करायचं, पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचा नाही. मिनिटभराच्या हट्टापायी शंभर-दोनशेच्या दुरुस्तीऐवजी अख्खी मोटर भरून घ्यावी लागते. काही मोटरींत उष्णतेने आपोआप तुटणारा कट-आउट असतो, मग मोटर एकदम गप्प होते आणि निवल्यावर पुन्हा चालते. अर्ध्या-पाऊण तासाने ड्रायर आपणहून सुरू झाला तर खूश होऊ नका. तो गरम का झाला हे शोधा.

मी प्लग काढला आणि विचार करत बसले. ड्रायर सुरू होत नाही, या एका वाक्यात खरं तर दोन वेगळी दुखणी असतात. एकात काहीच आवाज येत नाही, दुसऱ्यात मोटर घूं करते पण फिरत नाही. डॉक्टर जसं आधी ताप आहे का विचारतो तसं हे आधी ठरवायचं.

आवाजच नसेल तर वीज मोटरपर्यंत पोचत नाही. प्लगपासून मोटरपर्यंतचा रस्ता शादीच्या मांडवातल्या दिव्यांच्या जुन्या माळेसारखा असतो: मधला एक दिवा गेला की सगळी माळ विझते. या माळेत टायमर आहे, झाकणाचा स्विच आहे, मधल्या वायरी आहेत. धुण्याची बाजू चालते आहे का ते पाहा. चालत असेल तर बोर्ड, प्लग आणि मुख्य वायर ठीक आहे, घोटाळा ड्रायरच्याच वाटेवर आहे. मग झाकणाच्या मागच्या कोपऱ्यावर तळहाताने थोडं दाबून बघा. दाबल्यावर मोटर सुरू झाली तर झाकणाची मागची जीभ किंवा बिजागरी झिजली आहे, झाकण जरासं वर राहतं आणि स्विच पूर्ण दाबला जात नाही. हे फार घरांत होतं, कारण आपण झाकण आपटतो. खाऱ्या हवेत या स्विचच्या पत्र्यांवर हिरवट-काळा थर चढतो, तोही वीज अडवतो. टायमर फिरवल्यावर टिकटिक येते का, तेही ऐका. हा टायमर आतून चावीच्या घड्याळासारखा असतो. टिकटिक नसेल आणि बटण ढिलं फिरत असेल तर टायमरच बदलावा लागेल. पण टिकटिक येते म्हणून आतले विजेचे जोड चांगलेच असतील असंही नाही.

उंदरांना विसरू नका. या मशीनचा तळ पुष्कळदा उघडा असतो, पावसाळ्यात आत ऊब आणि कोरडं, उंदराला आणखी काय हवं? माझ्या आईकडे एका रात्रीत तीन वायरी कातरल्या होत्या. तळाला बसवायची जाळी किंवा प्लास्टिकची पाटी मिळते, ती मशीन घेतानाच मागून घ्यावी. कातरलेली उघडी वायर आणि खाली ओली फरशी, याहून वाईट जोडी नाही.

माझ्याकडे मात्र घूं होतं. म्हणजे टायमर, स्विच, वायरी सगळं बरोबर, वीज मोटरपर्यंत पोचते आहे. मोटर जोर लावते आहे, पण कुठेतरी अडते आहे किंवा तिचा जोरच कमी पडतो आहे.

जोर कमी पडण्याचं सगळ्यात साधं कारण व्होल्टेज. आमच्याकडे जोराच्या पावसात पंखा बैलगाडीसारखा फिरतो. विज्ञानाच्या सरांनी मला फळ्यावर मांडून दाखवलं होतं, की अशा मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर वाटतं, पाचवा हिस्सा कमी झाला, काय बिघडलं? पण जोर साठ टक्क्यांवर येतो. ओल्या चादरीने भरलेला टब तेवढ्यात उचलत नाही. मी फ्रिजच्या स्टॅबिलायझरवरचा आकडा पाहिला: २१५. म्हणजे ते कारण नव्हतं.

मग कपडे काढले. धुण्याच्या टाकीत मावलेलं सगळं एकदम ड्रायरमध्ये कोंबायचं नसतं, त्याची क्षमता कमी असते. दोन हप्त्यांत पिळावं. एका बाजूला जीन्स आणि दुसऱ्या बाजूला दुपट्टे असं झालं तरी टब कलतो आणि बाहेरच्या भिंतीला घासून अडतो. पाण्याचा पाइप वर अडकवलेला राहिला तर टबाभोवती पाणी साचतं आणि टब त्या पाण्यातच फिरायला बघतो. माझा पाइप खाली होता, पाणी गेलेलं होतं. प्लग लावून रिकामा टब दोन सेकंद चालवून पाहिला. घूं. लगेच बंद करून प्लग काढला.

आता मागचं झाकण उघडायचं होतं. अम्मा तस्बीह हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांची भीती खोटी नव्हती, म्हणून ती दूर होईल अशा रीतीने काम केलं. बोर्डावरचं बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लगच काढायचा आणि तो आपल्याला दिसेल असा समोर ठेवायचा, म्हणजे दुसरं कोणी चुकून लावणार नाही. पायात कोरडी रबरी चप्पल, हात कोरडे. आत एक डबीसारखा कपॅसिटर असतो. प्लग काढल्यावरही त्यात वीज शिल्लक राहिलेली असू शकते, म्हणून त्याला आणि त्याच्या वायरींना अजिबात हात लावायचा नाही. माझं काम फक्त पाहण्याचं आणि टबाखालचं चाक फिरवण्याचं होतं.

मुलीला समोर उभं केलं. "झाकण उघड, बंद कर. हळू." ती तसं करत राहिली आणि मी मागून मोबाइलच्या उजेडात पाहत राहिले. मोटर आणि टब यांच्यामध्ये एक चाक असतं, ब्रेक त्यालाच पकडतो. झाकण बंद झालं की ब्रेकचा पट्टा चाकापासून जरासा दूर सरकतो, उघडलं की परत चिकटतो. सरकत नसेल तर तार सैल झाली, तुटली किंवा गंजून अडकली आहे. मोटर बिचारी बांधलेल्या चाकाशी झुंजत घूं करत राहते. घूं करणाऱ्या ड्रायरांत हे कारण पुष्कळदा सापडतं. तार थोडी ओढून पुन्हा घट्ट करणं मिस्त्रीचं दहा मिनिटांचं काम. माझा ब्रेक मात्र नीट सरकत होता. दोन वर्षांपूर्वीचे सातशे रुपये अजून टिकून होते.

झाकण बंद ठेवायला सांगून मी ते चाक हाताने फिरवलं. पाव फेरा गेलं आणि रबराने ओढावं तसं मागे आलं. दुसऱ्या दिशेलाही तसंच. हे फिरवून पाहणं फार बोलकं असतं. घर महिनोन्महिने बंद राहिलं असेल, माणसं मुंबईला किंवा आखातात, तर आतला दांडा गंजून बसतो. तेव्हा चाक हलतच नाही किंवा खरखरत हलतं. चाक सहज, गुळगुळीत फिरलं आणि तरीही मोटर नुसती घूं करत असेल, व्होल्टेजही ठीक असेल, तर बहुतेक कपॅसिटर गेलेला असतो, कारण मोटरला पहिला धक्का तोच देतो. तो शे-दीडशे रुपयांचा असतो, पण त्यावर छापलेला आकडा पाहून तसाच बसवावा लागतो आणि ते काम जाणकाराचंच. कपॅसिटर गेला की काही लोक टबाला हाताने किंवा काठीने गती देऊन सुरू करतात. आमच्या गल्लीत एक आपा लाटण्याने करत होत्या. तसं करण्यासाठी झाकणाचा स्विच आधीच कोणीतरी डायरेक्ट केलेला असावा लागतो, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनाही ते माहीत नव्हतं.

पण माझं चाक रबरासारखं मागे येत होतं. गंज असा लवचीक नसतो. काहीतरी गुंडाळलं गेलं होतं.

वरून पाहायला गेले. आतला टब एका बाजूला दाबला की तो आणि बाहेरची भिंत यांच्यात बोटभर फट होते. मोबाइलचा उजेड टाकला. खाली, अगदी दांड्याशी, काहीतरी पांढरं. हँगरची तार सरळ करून टोकाला आकडा केला आणि टोकावर सेलोटेप गुंडाळली. हे गुंडाळणं महत्त्वाचं. टबाच्या तळाशी रबराचं सील असतं आणि त्याच्या बरोबर खाली मोटर. टोकदार तारेने त्या रबराला भोक पाडलं तर पाणी थेट मोटरवर गळणार. मग साध्या अडथळ्याचं रूपांतर शॉकमध्ये व्हायला वेळ लागत नाही.

पंधरा-वीस मिनिटं गेली. आकडा अडकायचा, सुटायचा. मुलगी खालून चाक उलट्या दिशेने थोडं थोडं फिरवत होती. शेवटी हाताला ओढ जाणवली आणि चिखलट रंगाची एक वस्तू वर आली. मुलाची नमाजाची जाळीदार टोपी. जुम्यापासून घरभर शोधत होतो ती.

कपडे भरल्यावर वरून प्लास्टिकची एक भोकांची चकती दाबून बसवायची असते. आपण ती पहिले सहा महिने बसवतो, मग ती कुठेतरी बादलीखाली जाते. तिच्याविना टब फिरला की हलक्या वस्तू काठावरून उडून फटीत पडतात आणि दांड्याला गुंडाळल्या जातात. टोप्या, मोजे, रुमाल, बाळाची झबली, दुपट्ट्याच्या झालरी. आमची चकती परसातल्या कुंडीखाली ताटलीसारखी वापरात होती. ती कोणी नेली हे विचारायची माझी हिंमत नव्हती, कारण मीच नेली होती.

चाक पुन्हा फिरवलं. सरसर फिरलं. मागचं झाकण बसवून, स्क्रू आवळून मगच प्लग लावला. ड्रायर सुरू झाला. अम्मांनी तस्बीह खिशात ठेवली आणि म्हणाल्या, "आता माझी चादर टाक."

विजेबद्दल एक गोष्ट मात्र आवर्जून. घरात एमसीबी आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो. माणसाच्या अंगातून वीज गेली तर त्याला कळतही नाही, कारण माणसाचा जीव घेणारा प्रवाह त्याच्या हिशेबाने नगण्य असतो. त्यासाठी आरसीसीबी नावाचं वेगळं उपकरण लागतं, घरगुती वापराला ३० मिलिअॅम्पिअरचं. त्यावर चाचणीचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून वीज तुटते का पाहावं. दुसरं अर्थिंग. आमच्या जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. एप्रिल-मेमध्ये त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं. मशीनला हात लागून झिणझिण्या आल्या तर "थोडा करंट येतोच" असं म्हणून चालवायचं नाही. थोडा करंट म्हणजे आतून कुठेतरी वायर किंवा मोटर मशीनच्या अंगाला चिकटली आहे आणि अर्थिंग आपलं काम करत नाही, असे दोन्ही बिघाड एकत्र.

पुराचंही सांगायला हवं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं. माझ्या मामेबहिणीच्या घरी मशीन अख्खं बुडालं. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी वरून पुसून प्लग लावला, चिखलाचे कपडे डोंगरासारखे पडले होते म्हणून. एकदा घूं झालं आणि धूर निघाला. बुडालेली मोटर वरून कोरडी दिसली तरी तिच्या तारांच्या वेटोळ्यांत पाणी आणि बारीक गाळ बसलेला असतो. ती उघडून, धुऊन, तापवून वाळवावी लागते आणि मेगर नावाच्या यंत्राने तपासल्याशिवाय तिला वीज द्यायची नसते. शेजाऱ्यांनी थांबून तसं करून घेतलं, त्यांची मोटर अजून चालते.

माझी नणंद इंग्लंडमध्ये आहे. तिला फोनवर हे सगळं रंगवून सांगितलं तर ती म्हणाली, "भाभी, माझा ड्रायर पण परवा बंद होता!" तिकडचा ड्रायर म्हणजे वेगळंच यंत्र. तो गरम हवेने कपडे पूर्ण वाळवतो, कपाटातून काढल्यासारखे. पण बंद पडण्याची तऱ्हा फार वेगळी नाही. तिथेही दार नीट लागल्याचं सांगणारा स्विच असतो आणि दाराच्या खाचेत तंतू अडकले की तो दबत नाही. मुलांनी चुकून लावलेला चाइल्ड लॉक असतो. तिकडच्या प्लगच्या आतच एक छोटा फ्यूज असतो, तो गेला की यंत्र मुकं. पाण्याची वाफ गोळा करणाऱ्या जातीच्या ड्रायरमध्ये पाण्याची टाकी भरली की तो चालायला नकार देतो. तिचं तेच झालं होतं. मी तिला तंतूंची जाळी प्रत्येक वेळी साफ करायला सांगितलं. जाळी तुंबली की गरम हवा अडते, आत उष्णता वाढते आणि सुरक्षेचा कट-आउट तुटतो. तो तुटला की नुसता नवा बसवून भागत नाही, हवा कुठे अडली ते शोधावं लागतं. साचलेले तंतू पेटतात, ते वेगळंच.

गुरुवारी मिस्त्री आला. त्याला येऊ नको म्हणून सांगायचं मी विसरले होते. ड्रायर चाललेला पाहून तो जरा हिरमुसला, पण टोपीची गोष्ट ऐकल्यावर म्हणाला, "मग सील बघायला पाहिजे, मॅडम. कापड दांड्याला घासलं की सील खातं." त्याने मागून उजेड टाकून पाहिलं. पाणी गळत नव्हतं, पण रबराची एक कड झिजलेली त्याने मला बोटाने दाखवली. स्वतःहून दाखवली, हे मला आवडलं. मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या: काढलेला जुना भाग मला द्यायचा, नव्याची पावती द्यायची, आणि माझ्या घरात काहीही डायरेक्ट करायचं नाही. तो हसून म्हणाला, "लोकच म्हणतात हो, डायरेक्ट करून दे, पैसे वाचव." खोटं नव्हतं ते. मीही तेव्हा खूशच झाले होते ना. पाहणीचे शंभर रुपये त्याने मागितले, मी दिले.

त्या मापाचं सील त्याच्याकडे नव्हतं. रत्नागिरीहून आणून पुढच्या आठवड्यात बसवतो म्हणाला. तोवर मशीनखाली जुना पेपर अंथरून ठेवला आहे, पाझर सुरू झाला तर कळावं म्हणून. आज सकाळपर्यंत कोरडा आहे.